टेबलावरचा दुसरा कप

जखम डाव्या पायाला होती, घोट्याच्या आतल्या बाजूला, बिस्किटाएवढी. शिरांच्या जखमा महिनोन्‌महिने भरत नाहीत. माणसाला मधुमेह असेल तर दोन आठवड्यांचं दुर्लक्षही पाय घालवायला पुरतं. अशा जखमांची ड्रेसिंग्ज करणं हे माझं काम. मिरजेला नर्सिंग केलं, इथे येऊन पुन्हा परीक्षा दिल्या, आणि गेली चौदा वर्षं मेलबर्नच्या उत्तरेकडच्या उपनगरांतून गाडी फिरवत मी लोकांचे पाय बांधते. घर क्रेगीबर्नला. ही बाई तिथून पंधरा मिनिटांवर, जुन्या विटांच्या घरांच्या वस्तीत राहायची. सोमवारी आणि गुरुवारी, सकाळी दहाला.

ती पंच्याऐंशीची होती, मधुमेही होती आणि एकटी होती. मुलगी पर्थला. बाई मूळची चेकोस्लोव्हाकियाची. तो देश आता त्या नावाने नकाशातही नाही. १९६८ साली रशियाचे रणगाडे तिच्या गावात आले, आणि पुढच्या वर्षी नवरा, मुलगी आणि दोन बॅगा घेऊन ती इकडे आली.

पहिल्याच महिन्यात मी तिला सांगितलं होतं की तुमचे देश मला लहानपणापासून ओळखीचे आहेत. माझे वडील रेल्वेच्या युनियनमधले. आमच्याकडे रशियाहून छापून येणारं एक मासिक यायचं, गुळगुळीत कागदाचं, वर्गणी नाममात्र. बाबा ते वाचायचे आणि मग आई त्याच पानांची आमच्या वह्यांना कव्हरं घालायची. माझ्या भूगोलाच्या वहीवर एक ट्रॅक्टर चालवणारी हसरी मुलगी होती. रशियाभोवतीचे सगळे देश म्हणजे त्याचे धाकटे भाऊ, असं बाबा सांगायचे.

"त्या फोटोंत ब्रेडची रांग दिसायची?" बाईने विचारलं.

"नाही."

"मग कव्हर चांगलं टिकलं असेल."

अशी होती ती. आमचं जमायचं. मी तिच्यासाठी सिडनीच्या हॅरिस पार्कमधल्या भारतीय दुकानातून बहिणीकरवी मागवलेली खसखस नेली, तर ती म्हणाली, "ही पांढरी? ही आजारी माणसांची खसखस आहे. आमची काळी असते." तरी पुडी ठेवून घेतली.

२०२० च्या ऑगस्टमध्ये दुसरा लॉकडाउन कडक झाला. पाच किलोमीटरची हद्द, आठनंतर संचारबंदी, कुणीही कुणाच्या घरी जायचं नाही. मला कामाचा परवाना होता. गाऊन, मास्क, चेहऱ्यावर प्लास्टिकचं शील्ड. दारात उभं राहून तेच प्रश्न विचारायचे: ताप आहे का, खोकला आहे का, घरात बाहेरचं कुणी येऊन गेलं का. उत्तरं फोनवरच्या ॲपमध्ये भरायची, मग आत जायचं. बाहेर पडल्यावर गाडीत बसून भेटीची नोंद लिहायची: जखमेची लांबी, रुंदी, रंग, वास, आणि "इतर निरीक्षणं".

त्या गुरुवारी मी वीस मिनिटं लवकर पोचले. बाईने दार उघडायला वेळ लावला. कुणी आलं होतं का, विचारलं. "कोण येणार?" ती म्हणाली. आत टेबलावर दोन कप होते, दोन्ही अर्धे भरलेले. एकातून अजून वाफ येत होती. पत्ते वाटून ठेवलेले होते. मागच्या दाराची जाळी हलत होती, पलीकडे एक पाठमोरा म्हातारा कुंपणाकडे निघाला होता.

तो कोण, हे मला ठाऊक होतं. दोन गल्ल्या पलीकडे राहणारा म्हातारा, तिच्याच देशाचा, बायको गेलेली. गेली चाळीस वर्षं दर गुरुवारी तो तिच्याकडे पत्ते खेळायला यायचा. तिचे कचऱ्याचे डबे तोच रस्त्यावर काढून ठेवायचा, तिचा ब्रेडही तोच आणायचा.

मी ड्रेसिंग केलं. गाडीत बसून लिहिलं: "टेबलावर दोन कप, दुसरा गरम. पुरुष पाहुणा मागील दाराने गेल्याचं दिसलं. प्रश्नाला पेशंटने नकारार्थी उत्तर दिलं." त्या दिवशी मला पुढे तीन घरं होती. त्यातल्या एका घरात केमोथेरपी चालू असलेला माणूस होता. मी ते लिहिलं नसतं आणि त्याला काही झालं असतं तर? मला आजही त्या नोंदीत चूक सापडत नाही. सांगायचं राहिलं ते एवढंच, की मी ती नोंद बाईच्या पाठीमागे लिहिली. पण आम्ही सगळ्यांच्याच नोंदी तशा लिहितो.

आमच्या ऑफिसमधल्या मुलीने ती नोंद वाचली. पोरगी चांगली, पंचविशीची. तिने बाईच्या मुलीला पर्थला फोन केला. बाईच्या फाइलमध्ये तातडीच्या वेळी कळवायचा दुसरा नंबर म्हाताऱ्याचाच होता. मग त्यालाही केला. दंड होऊ शकतो, तुमच्यामुळे त्यांची नर्सिंग सेवा थांबू शकते, असं गोड आवाजात सांगितलं. मला म्हणाली, "ऑल सॉर्टेड, नो वरीज."

सोमवारी बाई स्वयंपाकघरात पाठ करून उभी होती. मला वाटलं, संपलं. पण ती वळून म्हणाली, "तू बैस. तुझा काही दोष नाही. माणूस ओळखायला मीच चुकले."

तिने सगळं ठरवून टाकलं होतं. लॉकडाउनमध्येही तो गुरुवारी येतो, हे फक्त तिला आणि त्याला माहीत. तिने कुणाला सांगितलं नाही, म्हणजे तोच बोलला. बेकरीत बोलला असेल, औषधाच्या दुकानात बोलला असेल. नाहीतर मुद्दाम कळवलं असेल.

"मुद्दाम कशाला?" मी विचारलं. माझे हात बँडेज सोडत होते.

"तो माझ्यानंतर चार वर्षांनी आला. तेव्हा सीमा बंद होती, कुणाला पासपोर्ट मिळत नव्हता. त्याला कसा मिळाला? चाळीस वर्षं मी हा प्रश्न विचारला नाही. शेजारधर्म म्हणून."

मीच लिहिलं, असं मी म्हणू शकले असते. तोंडावर मास्क होता, डोळ्यांसमोर प्लास्टिक, तिला माझा चेहरा दिसत नव्हता. मी जखमेचं माप घेतलं. कडा गुलाबी होत्या, भरत होती. तीन आठवडे असंच चाललं असतं तर बंद झाली असती.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो गोदामात सुपरवायझर, मोजकं बोलतो. "अगं, सांगितलंस तर ती तुला हाकलेल. मग पाय कोण बांधणार?"

मीही हेच म्हणत होते. फक्त दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

पुढच्या गुरुवारी म्हातारा माझ्या गाडीपाशी उभा होता. मास्क नाकाखाली, पायात घरातल्या सपाता. हातात फॉइलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी.

"ती फोन उचलत नाही," तो म्हणाला. "तिला विचार, मी काय केलं."

"मला असं करता येत नाही. नियम आहेत."

"नियम." त्याने मान हलवली. "बरं. हे तरी दे. खसखशीचा रोल आहे. तिच्याइतका चांगला होत नाही."

मी तो आत नेला. बाईने फॉइल न उघडता कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि हात धुतले. मग पाय स्टुलावर ठेवला आणि मी न विचारता सांगायला लागली.

लग्नानंतर ती नवऱ्याच्या घरी राहायला गेली ती चार मजल्यांची इमारत होती. त्या काळी प्रत्येक इमारतीत कम्युनिस्ट पक्षाने नेमलेलं एक माणूस असे. त्याच्याकडे एक रजिस्टर. कुणाकडे कोण आलं, किती रात्री राहिलं, ते त्यात लिहायचं. तिच्या इमारतीत ते माणूस म्हणजे तिची सासू. सासूचे डोळे अधू होते आणि सुनेचं अक्षर मोत्यासारखं. म्हणून सासू सांगायची आणि ही लिहायची. दुसऱ्या मजल्यावर कुणाची मावशी, तिसऱ्यावर कुणाचा पुतण्या. त्यात काय आहे, असं तिला वाटायचं. एकदा तिच्या सख्ख्या भावाचा मित्र त्यांच्याकडे दोन रात्री राहिला. सासूने सांगितलं, हिने लिहिलं. तो मित्र सीमेकडे निघाला होता. महिन्याभरात भावाला पकडून नेलं. चार वर्षांनी तो सक्तमजुरीच्या खाणीतून परत आला तेव्हा त्याला जिना चढताना तीनदा थांबावं लागायचं.

"मी कुणावर संशय घेतला, माहीत आहे? वरच्या मजल्यावरच्या शिंप्यावर. तो रेडिओ हळू आवाजात ऐकायचा, म्हणून. आम्ही त्याच्याशी बोलणं टाकलं. सगळ्या इमारतीने टाकलं. तो मेला तेव्हा शवपेटी उचलायला चार माणसं जमली नाहीत. मग राजवट पडली, कागद उघडे झाले. मी जाऊन भावाची फाइल मागितली. पहिलंच पान माझ्या अक्षरात."

मी बँडेजचा शेवटचा वेढा दिला. असं ऐकल्यावर कुणीही म्हणेल, मग ही बाई तरी सावध असायला हवी होती, पुन्हा शिंपी शोधायला नको होता. मलाही तसंच वाटलं. पण ती उलट शिकली होती. कुणीतरी लिहितंच, एवढंच तिला पक्कं ठाऊक होतं.

मी निघताना तिने माझ्या हातात एक पाकीट ठेवलं, वर तिकीट लावलेलं.

"कोपऱ्यावरच्या पेटीत टाक. आमच्या क्लबच्या सेक्रेटरीला आहे. तो कोण आहे ते सगळ्यांना कळू दे. इतकी वर्षं आपण कुणाच्या शेजारी बसून सूप पितोय ते."

क्लब म्हणजे तिच्या देशातून आलेल्या म्हाताऱ्यांचा. ख्रिसमसला जमायचं, कुणी आजारी पडलं तर फोन करायचा, मेलं तर खांदा द्यायचा. म्हाताऱ्याला त्या क्लबशिवाय कुणी नव्हतं.

पाकीट खिशात घालून फेकून देता आलं असतं. तो विचार मी केला. पण तिने फोनही केला असता, आज नाहीतर उद्या. मी पाकीट टेबलावर ठेवलं.

"त्याने सांगितलं नाही," मी म्हटलं. "मी लिहिलं. मागच्या गुरुवारी गाडीत बसून."

तिने आवाज चढवला नाही. विचारलं, "काय शब्द लिहिलेस?"

मी फोन काढून दाखवला. तिने भिंग घेतलं आणि एकेक ओळ वाचली. दोनदा.

"दुसरा गरम," ती म्हणाली. "हे चांगलं लिहिलंस. मीही असंच लिहिलं असतं." मग भिंग खाली ठेवलं. "आता जा."

"बाहेर जाते. पण सोमवारी पाय..."

"जा."

सोमवारी दार उघडलं नाही. मी बेल वाजवली, खिडकीवर टकटक केलं, मागे गेले. पडदे बंद. टीव्हीचा आवाज येत होता. ऑफिसने गुरुवारी दुसरी नर्स पाठवली, केरळची, माझ्याहून गोड बोलणारी. तिलाही नाही. ऑफिसमधली मुलगी म्हणाली, पेशंटची बुद्धी शाबूत आहे, नकार देणं हा तिचा हक्क आहे, आपण फक्त नोंद ठेवायची. पर्थच्या मुलीला मी स्वतः फोन केला. ती म्हणाली, "इथली राज्याची सीमा बंद आहे. मी अर्ज केलाय. मी इथून काय करू? तुम्ही लोकांनी काय केलंत तिला?"

मी सांगितलं. सगळं, क्रमाने. तिने फोन ठेवला.

म्हाताऱ्याकडेही गेले. फाटकाबाहेरून म्हटलं, चूक माझी होती, मी तिला सांगितलंय, आता तुम्ही बोला तिच्याशी.

"तिने फोन केला होता," तो म्हणाला. "माफी मागितली. मी म्हटलं, चाळीस वर्षांत तू मला एवढंच ओळखलंस? आणि ठेवला." तो पायऱ्यांवर बसला. "माझा पासपोर्ट माझ्या भावाच्या डॉक्टरकीवर मिळाला. सरकारला डॉक्टर हवा होता, तो मागे राहायला तयार झाला म्हणून मला सोडलं. तिने एकदा विचारलं असतं तर सांगितलं असतं."

मी अकरा दिवस रोज त्या घरी गेले. कामाच्या वेळेत बसत नव्हतं, तरी गेले. ड्रेसिंगचं सामान मागच्या पायरीवर ठेवायचे. चौथ्या दिवशी पडदा सरकला. ती काचेमागे खुर्चीत बसली होती, पाय उघडा. मी बाहेर बागेतल्या लोखंडी खुर्चीवर बसले, पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि स्वतःच्या पायावर करून दाखवलं: आधी धुवा, मग जेल, मग पट्टी, बोटांपासून वर, घट्ट, घट्ट. बाहेर सहा डिग्री होतं. ती काचेआडून बघून करत होती, पण तिला वाकता येत नव्हतं, आणि नीट दिसत नव्हतं. पट्टी जखमेच्या वरच्या बाजूलाच बसत होती. मी ओरडून सांगत होते, खाली, अजून खाली. तिचे कान बरे होते. तिने पट्टी तिथेच सोडून पडदा ओढला.

सातव्या दिवशी बँडेजवर हिरवट डाग दिसला. नवव्या दिवशी घोट्यापासून वर एक लाल रेघ निघाली होती. मी काचेवर हात आपटून म्हटलं, हॉस्पिटल. आज. तिने मान हलवली, नाही.

अकराव्या दिवशी मुलीचा पर्थहून फोन आला. आई फोनवर चेक भाषेतच बोलतेय, ओळख देत नाहीये. मी निघता निघताच ॲम्ब्युलन्स बोलावली. मी पोचले तेव्हा दारात चार जण उभे होते. दोन पांढऱ्या सूटमध्ये डोक्यापासून पायापर्यंत झाकलेले आणि दोन पोलीस. आतून आवाज येत होता, एकच वाक्य पुन्हा पुन्हा, मला न कळणारं. पोलीस म्हणाला, दार फोडावं लागेल. तो बरोबर होता. ताप चढला होता, वेळ नव्हता.

"दोन मिनिटं द्या," मी म्हटलं आणि धावले. दोन गल्ल्या. पन्नाशीत, गाऊनसकट. म्हातारा दारातच उभा होता, सायरन ऐकून. मी काही समजावलं नाही. त्याचा हात धरला आणि ओढत आणला. त्याला धाप लागली होती.

तो दाराला कपाळ टेकवून बोलायला लागला. हळू. फार तर मिनिटभर. आतला आवाज थांबला. तिने काहीतरी विचारलं. त्याने एका शब्दात उत्तर दिलं. साखळी निघाली.

बाई भिंतीला धरून उभी होती. घरभर तो वास. तिने पोलिसांकडे पाहिलं नाही, पांढऱ्या सूटवाल्यांकडे पाहिलं नाही. माझा हात धरला. माझा. आणि स्ट्रेचरपर्यंत माझ्या आधाराने लंगडत गेली. त्याच्या शेजारून जाताना तिने तोंड फिरवलं.

ॲम्ब्युलन्सचं दार बंद झाल्यावर मी त्याला विचारलं, "काय सांगितलंत?"

"सांगितलं, मीच कळवलं होतं. पहिल्यापासून मीच. ही नर्स मला वाचवायला खोटं बोलली. ही चांगली आहे, हिच्याबरोबर जा."

"आणि तिने काय विचारलं?"

"तिकडेही तूच का, असं विचारलं. तिकडे म्हणजे आमच्या देशात." तो रस्त्यावर निघून गेलेल्या गाडीकडे बघत होता. "मी हो म्हटलं."

 मी त्याला घरी सोडलं आणि पुढच्या पेशंटकडे गेले. तासभर उशीर झाला होता.

त्याच दिवशी पाय गुडघ्याखाली कापला. हॉस्पिटलमध्ये कुणाला सोडत नव्हते. मी वॉर्डमध्ये फोन केला, पण नात्यात नसल्यामुळे मला काहीच सांगत नव्हते. मुलीला रोज पाच मिनिटं मिळायची, नर्स आईच्या कानाला फोन लावायची. मी मुलीला गाठलं. म्हटलं, एवढं एक सांगा, की त्या माणसाने काहीही कळवलं नव्हतं. इथेही नाही आणि तिकडेही नाही. मी लिहिलं होतं. तो दार उघडावं म्हणून खोटं बोलला.

"माझ्याकडे पाच मिनिटं आहेत," मुलगी म्हणाली. "त्यात मी आईला कोणी काय लिहिलं ते सांगू? पुन्हा? मी लहानपणापासून हेच ऐकत आलेय." मग जरा नरमून, "ती झोपेतच असते. मी तिला गाणं म्हणून दाखवते."

मी पुन्हा फोन केला नाही. तिच्या जागी मीही कदाचित गाणंच म्हटलं असतं.

ऑपरेशननंतर नवव्या दिवशी बाई गेली. अंत्यविधीला दहा माणसांची मर्यादा होती. क्लबमधले सहा आले, मी सातवी. मुलगी पर्थहून लॅपटॉपवर होती. तो आला नाही. मी कारण विचारलं नाही. क्लबमधल्या एका बाईने तेवढं सांगितलं, की बाईने हॉस्पिटलमध्ये जायच्या आदल्या आठवड्यात सगळ्यांना फोन करून, आपण त्याच्यावर खोटा संशय घेतला, तो निर्दोष आहे, असं सांगितलं होतं. म्हणजे जगात सगळ्यांना खरं ठाऊक होतं, फक्त मरताना तिला नव्हतं.

म्हातारा माझ्या यादीत नाही. तरी मी आठवड्यातून एकदा त्याच्याकडे जाते. दूध, ब्रेड आणि त्याच्या आठवड्याच्या गोळ्या. लॉकडाउन उठल्यानंतरच्या पहिल्या भेटीत त्याने मला आत बोलावलं. माझ्याकडे न बघता विचारलं, "नंतर तिला कळलं ना? मुलीने सांगितलं असेल."

"हो," मी म्हटलं. "शेवटच्या दिवशी सांगितलं."

"काय म्हणाली?"

"झोपेत होती. पण मुलगी म्हणाली, तिने मान डोलावली."

 मी गोळ्यांची डबी पुढे ओढली आणि सोमवारचा खण भरायला घेतला.